बिनपाण्याने

पहिली फेरी पावणेपाचची, कुइवास्तूच्या बंदरापर्यंत.
म्हणजे चारला उठणं आलं,
आणि नोव्हेंबरात आमच्या बेटावर चार म्हणजे
रात्रीचंच शेपूट.
आरशात एक माणूस उभा असतो, खुंट वाढलेला.
त्याला प्रवाशांपुढे नेण्याजोगा करायचा,
बस सुरू करण्याआधीचं हे माझं काम.

वाढदिवसाला तावीनं ताल्लिनहून मशीन पाठवलं.
तीन गोल पाती, एक निळा दिवा.
दिवा कशाला, ते पुस्तिकेत नऊ भाषांत लिहिलंय,
मला एकाही भाषेत पटलं नाही.
पण काम चोख. चार मिनिटांत गाल साफ,
पाणी नको, फेस नको, टॉवेल नको.
फक्त ती घूं घूं,
बरणीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखी,
आणि पलीकडे माइमू झोपलेली.
लाकडी घर आमचं. भिंती आहेत,
पण त्या फक्त बघण्यापुरत्या.

म्हणून मशीन खणात टाकलं.
सहकारी दुकानातून साधा रेझर आणला,
पात्यांचं पाकीट, ब्रश, साबणाची वडी.
किटली शिट्टी घालते, तेव्हा पाणी गारच.
भांड्याच्या तळाशी फडकं अंथरायचो,
रेझर बुडवताना टण् होऊ नये.
चोरानं करावी तशी दाढी
स्वतःच्याच घरात.

हनुवटीखाली बोटभर जागा आहे,
तिथले केस उलटे उगवतात.
मामांकडून आले असणार;
सामूहिक शेताच्या प्रत्येक बैठकीत
ते एकटे विरुद्ध हात वर करायचे.
तिथं पातं रोज अडखळे.
गळ्यावर कागदाचा कपटा चिकटवून
मी स्टिअरिंगवर बसायचो,
आणि लेइदा, धुरावलेल्या माशांची टोपली मांडीवर घेऊन,
तिसऱ्या सीटवरून विचारायची,
‘हिल्लार, आज कुणाशी भांडलास?’

दोन हिवाळे गेले असे.

मग एका रविवारी माइमू मासे साफ करत होती.
मान वर न करताच म्हणाली,
‘मशीन बिघडलं का रे?’
‘नाही.’
‘मग?’
‘तुझी झोप मोडते.’
सुरी थांबली.
आणि तिनं माझी अशी हजामत केली,
अगदी बिनपाण्याने,
की तावीचं मशीन काय करील.

‘झोप मोडते! तुला विचारलं कुणी?
त्या आवाजानं मला जाग यायची, डोळे मिटूनच.
कळायचं, आता डावा गाल, आता हनुवटी,
आता वरचा ओठ, तिथं आवाज बारीक होतो.
मग दिवा. मग दार.
मग मी कूस बदलून झोपायचे.
आता जाग येते कधीतरी, हात टाकते तर चादर गार,
आणि तू नुसता गेलेला असतोस.’

तिचा भाऊ असाच गेला होता,
कुणाला न उठवता, मार्चच्या बर्फावर, गळ घेऊन.
ते ती बोलली नाही.
मीही बोललो नाही.
खवले सिंकमध्ये चमकत राहिले.

आता सोमवार ते शुक्रवार मशीन.
शनिवारी साउनात पातं; तिथं गरम पाणी रगड,
कातडी लोण्यासारखी होते,
आणि माइमू बाहेर बाकावर जागीच असते.

डेपोतला नवा पोरगा, रास्मुस, विचारत होता
रोजच्याला कुठलं बरं.
मी त्याला पात्यांचा खर्च सांगितला,
चार्ज किती दिवस पुरतो ते सांगितलं,
थंडीत कातडी कशी फुटते तेही.
बाकीचं नाही सांगितलं.
त्याच्या गालावर अजून मोजून सतरा केस आहेत.

वरच्या ओठावर मी हल्ली
गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ रेंगाळतो.
आवाज बारीक होतो, मी ऐकतो,
पलीकडे पलंग कुरकुरतो.
मग दिवा. मग दार.

हनुवटीखालचे ते उलटे केस
मशीनलाही दाद देत नाहीत.
लेइदाला दिसतात.
काही न बोलता ती सुटे पैसे पुढे करते.