कोरी प्लेट

शिवलीला, आधी पंखा बंद कर.
घाम येऊ दे. घाम पुसता येतो,
हवा पुसता येत नाही.
खिडकीही लाव. खालच्या मजल्यावर माग आहेत,
शहापूरच्या या बोळात उजाडल्यापासून खट्याक खट्याक,
आणि सुताची लव जिना चढून वर येते
गिऱ्हाइकासारखी, न विचारता.
तुला मला दिसत नाही ती. आगारला दिसते.

आता हात. स्पिरिट लावलंस की थांब की जरा,
वाळू दे. ओल्या हातानं जाळाजवळ जाऊ नको.
माझ्या मनगटावरचा हा डाग बघ,
त्या वर्षी मीही तुझ्याएवढीच घाईत होतो.

लूप उभी धर.
लाल होऊ दे, तळापासून टोकापर्यंत.
मग मोज. तू कन्नडमध्ये मोज,
मी मराठीत मोजतो,
तार तेवढ्याच वेळात थंड होते.
गरम बुडवलीस तर जंतू चुर्र होऊन मरतात
आणि रिपोर्ट जातो, काही वाढलं नाही.

झाकण शिंपल्यासारखं, एका अंगानं, बोटभर.
पूर्ण उघडायला तो जेवणाचा डबा नव्हे.
आणि सुम्म. माझी बडबड तुला माहीत आहे,
पण बर्नर पेटला की अक्काही तोंड शिवते.

याला सोवळं म्हणू नको.
सोवळ्यात माझ्या आईला लोकांनी
विहिरीच्या कठड्यापासून चार हात लांब उभं केलं होतं.
जाळ घर विचारत नाही.
काय चिकटलंय, तेवढंच बघतो,
आणि चिकटलेलं सगळ्यांनाच असतं.

येळ्ळूरच्या भरमाणी हुंदऱ्यांचं पोर होतं, अकरा दिवसांचं.
ताप. रक्ताची बाटली माझ्याकडे आली.
दुसऱ्या दिवशी बाटली गढूळ,
प्लेटवर पांढरे ठिपके, साबुदाण्याहून बारीक,
गोल, देखणे.
मी लिहिलं, वाढ आहे.
पोराला सुया लागल्या, सहा दिवस.
हाताची नस सापडेना तेव्हा डोक्यात.
बाप जिन्यात बसून राहायचा, चप्पल हातात घेऊन,
कुणी काढायला सांगितली होती कोण जाणे.
डॉक्टरांनी पुन्हा रक्त मागवलं, काही नाही.
तिसऱ्यांदा, काही नाही.
त्या रात्री सगळे गेल्यावर
मी एका प्लेटवर माझं बोट टेकवलं
आणि इनक्युबेटरात ठेवून घरी गेलो. झोप कसली.

सकाळी तेच ठिपके.
तेच असतील असं पुस्तक म्हणणार नाही.
मी म्हणतो.
त्या पोराच्या नावावर
मी माझी कातडी वाढवली होती.

पोर जगलं. आता कणबर्गीच्या गॅरेजात असतं,
माझ्या भाच्याची गाडी त्यानंच दुरुस्त केली.
मला ओळखत नाही. बरं आहे.

म्हणून रोज ही एक प्लेट जास्तीची.
हिच्यावर काही लावायचं नाही.
बाकीच्यांसारखीच उघडायची, तेवढाच वेळ, मिटायची,
पालथी ठेवायची.
सकाळी चहाच्या आधी हिला उजेडात धरायचं.
कोरी असली तर बाकीच्या काय म्हणतात ते ऐकायचं.
एक ठिपका जरी दिसला
तर सगळं ऑटोक्लेव्हात,
आणि दहा जणांना फोन करायचे, परत या,
आणि शिव्या खायच्या, दोन्ही भाषांत.

नाव? तळाला लिही, झाकणं अदलाबदल होतात.
कुणाचं म्हणून काय विचारतेस.
पेशंट नाही तिला.
कालच्या प्लेटवर माझं आहे, बघ.
आजच्या तुझं लिही.
मार्करनं लिही. पेन ओलीला टिकत नाही.