खिडकी उघडी, हीटर चालू

स्टॉकपोर्ट. फेब्रुवारी. बाहेर उणे दोन.
पेन्शन खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर
खिडकी सताड उघडी
आणि तिच्याच खाली रेडिएटर
तव्यासारखा तापलेला.
आम्ही पगारी माणसं
दिवसभर मर्सी नदीला शेक देत होतो.

त्या वर्षी मला एक जादा पद मिळालं,
जादा पगार नाही, नुसतं पद:
हरित प्रतिनिधी.
एक बिल्ला, आणि पोस्टरं छापायला
चकचकीत कागदाचं आख्खं रीम.
पोस्टरवर पांढरं अस्वल,
अस्वलाच्या डोळ्यांत पाणी,
खाली मोठ्या अक्षरांत: कृपया.

पहिल्या आठवड्यात अस्वलाला मिशा फुटल्या.
दुसऱ्या आठवड्यात मॉरीनने
त्याच्या तोंडावर रजेचा तक्ता डकवला.
मी ईमेल धाडल्या, आकडे दिले,
मजल्यामजल्यांत चढाओढ लावली.
तळमजला जिंकला.
तिथली निम्मी माणसं
नाताळाआधीच कमी केली होती.
उरलेल्यांना बक्षीस मिळालं:
प्रत्येकी एक कप,
प्लॅस्टिकच्या तीन वेष्टनांत.

मला राग यायचा. तो राग माझा नव्हता.
बाबा जतला वीज मंडळात वायरमन,
खोलीतून निघताना बटण न दाबणारा माणूस
त्यांच्या लेखी सरळसरळ चोर.
तो राग माझ्या सामानातून इथवर आला,
वजनात न धरलेला.

शेवटी एका दुपारी लिनेटला धरलं.
खिडकी उघडतेस, त्याआधी हीटर का कमी करत नाहीस?
ती काही बोलली नाही.
खुर्ची मागे सारून मला भिंतीपाशी नेलं.
थर्मोस्टॅट होता. त्यावर पारदर्शक पेटी.
पेटीला कुलूप.
"अकरा वर्षं झाली," ती म्हणाली.
"किल्ली आण, आत्ता कमी करते."

मालमत्ता विभाग म्हणाला, ठेकेदाराला विचारा.
ठेकेदार म्हणाला, तो आधीचा, आम्ही नवे,
आमच्या करारात तेवीस अंश लिहिलेत.
फॉर्म भरा.
फॉर्म भरला. तो फॉर्म भरण्याच्या परवानगीचा
दुसरा फॉर्म आला.

बॉयलरच्या खोलीत क्लिफर्ड बसायचा,
निवृत्तीला चार महिने उरलेला.
त्याने बिस्किटांचा डबा उघडला,
आत किल्ल्यांचा जुडगा, एकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी:
तिसरा, उत्तर.
"कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला,
मग जरा थांबून, "मीही सांगितलं नाही.
कुलूप का लावलं माहीत आहे?
एकीला गार व्हायचं, एकीला उकडायचं.
दोघी साहेबाकडे गेल्या.
साहेबाला भांडण नको होतं."

आता पेटी उघडी आहे, भांडणही.
रोज नऊला लिनेट एकोणीसवर आणते,
साडेनऊला मॉरीन वीसवर नेते, पुटपुटत शाल ओढते.
मंगळवारी दोघींनी मिळून एक बारीक फट शोधली,
वारा तिथूनच येत होता म्हणे,
आणि तिच्यात जुनी पोस्टरं घड्या करून कोंबली.
अस्वलाचा एक कान अजून बाहेर दिसतो.

खिडकी बंद असते. बहुतेक वेळा.

वार्षिक अहवाल परवा आला, रंगीत, जाड कागदाचा.
गॅस चौदा टक्के कमी, पान सहा.
कारण: प्रभावी जनजागृती.
मुखपृष्ठावर तेच अस्वल, मिशांशिवाय.
क्लिफर्डचं नाव नाही. तसं माझंही नाही,
आणि बरंच झालं,
मी काय केलं होतं, एका माणसाला
एक प्रश्न विचारला होता,
तोही रागात, आणि चुकीचा.

किल्ली किटलीशेजारच्या खिळ्याला टांगलीय.
तिच्याखाली काहीही लिहिलेलं नाही.