अठ्ठेचाळीस व्होल्ट

बजेट सात हजार, रिक्षाचे वेगळे.
एम. जी. रोडला लुल्लाशेठच्या काउंटरवर दोन डबे:
निळ्याला पुढे काच, काचेआड पिवळा दिवा,
चालू केला की देवघर उजळल्यागत.
"ट्यूब आहे साहेब, आवाजाला ऊब येते."
दुसरा करडा. दोन खटके, एक गोल बटण,
तहसील कचेरीतल्या कपाटाचा चेहरा.

ऊब घ्यायला मी आलोच नव्हतो.
मला शांतता हवी होती
आणि ती दुकानात मागायची कशी, कळेना.
हेडफोन लावायचा, बटण शेवटपर्यंत पिळायचं,
समोर कुणीच बोलत नसताना
डबा स्वतःशी काय पुटपुटतो ते ऐकायचं.
निळा : तापल्या तव्यावर पाणी.
करडा : तीन घरं सोडून कुणीतरी तांदूळ पाखडतंय.

हे सगळं कापसेकाकांसाठी.
बत्तीस वर्षं नाशिकरोड स्टेशनात गाड्या पुकारल्या,
मग गळ्याचं ऑपरेशन.
आता उरलाय तो आवाज
कागदावर कागद घासावा एवढा,
समोर बसूनही ओठ बघावे लागतात.
पाटीवर लिहून म्हणाले, एकदा रेकॉर्ड कर.
काय ते मग सांगतो.

इतका बारीक आवाज उचलायचा तर कंडेन्सरच.
पण त्या माइकचे नखरे असे
की मागच्या मागे अठ्ठेचाळीस व्होल्ट पाजल्याशिवाय
कान उघडत नाही.
म्हणून दाजींना नेलं होतं.
सातपूरला ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यात हयात गेलेला माणूस,
शर्टाच्या खिशात मल्टीमीटर.
निळ्याच्या भोकांत काड्या घातल्या : एक्केचाळीस.
करड्याच्या : सत्तेचाळीस पॉइंट सहा.
"शेठ, डब्यावर अठ्ठेचाळीस छापलंय,
अन् बाहेर तेवढे येत नाहीत."
"कंपनीनंच छापलंय ना!"
"छापायला काय, नोटापण नाशकातच छापतात."
लुल्लाशेठ हसले, दोनशे कमी केले.

सिन्नर फाट्याला घरी आणून जोडला, तर
घूंऽऽऽ
फ्रिज बंद केला, पंखा, राउटर, शेजारच्यांचा इन्व्हर्टरसुद्धा
विनंती करून. तरी घूंऽऽऽ
दाजी जिन्याखाली गेले, अर्थिंगचा खड्डा उघडला.
कोरडा ठणठणीत, आत एक चप्पल.
खडेमीठ, कोळसा, दोन बादल्या पाणी.
वर येऊन हेडफोन लावला
आणि पहिल्यांदाच ऐकू आला
माझ्याच मनगटावरच्या घड्याळाचा काटा.

आता अडचण रुळांची.
घरामागून दिवसरात्र गाड्या, आणि माइक इतका चांभारचौकश्या करणारा
की लांबच्या भोंग्यालाही घरात घेतो.
काकांनी पाटी ओढली.
वेळापत्रक तोंडपाठ, जुनं, नवं, उशिराचंही.
लिहिलं : २.१७ ते २.२८. काही नाही.

रात्री दोनला खिडक्यांना गोधड्या लावल्या.
गेन तीन चतुर्थांशावर. ओठांपासून माइक चार बोटं.
मी मान हलवली.

कृपया लक्ष द्या, म्हणाले ते. घोषणेचीच चाल,
फक्त त्यातला सगळा रंग खरवडून काढलेला.
गाडी तेवीस वर्षं उशिरानं धावत आहे.
पुढे एक नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही.
आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल
आणि इथं थांबले.
रेल्वेतर्फे हजारदा म्हटलेलं वाक्य
स्वतःतर्फे निघेना.
मी स्क्रीनकडे बघत राहिलो, रेघ सपाट,
तरी पुरती सपाट नाही : श्वास होता,
तो करड्या डब्यानं जसाच्या तसा दिला.

मग शेवटचा शब्द आला, आणि त्याच्यावरच
मालगाडी.
काका कपाळाला हात लावून हसले.
पाटीवर लिहिलं : हिला कधी पुकारावं लागत नाही.

परत घेऊ, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, नको.

करड्याला दिवा नाही.
चालू आहे की बंद, हात ठेवून बघावं लागतं.
ठेवला. कोमट होता.