तक्रार अर्ज, कच्चा मसुदा

प्रति, माननीय व्यवस्थापक,
सार्वजनिक सभागृह, चेंबूर.
महोदय,
काल रात्री आपल्याकडे जो विनोदी कार्यक्रम झाला
त्यामुळे आमच्या भावना
(कितीजणांच्या? विचारून घेणे.)

मी तिसऱ्या रांगेत होतो. पास फुकटचा.
नदीम मुकादम नावाचा पोरगा, दापोलीकडचा,
इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं,
सोसायटीचा सेक्रेटरी होऊन स्टेजवर आला.
खुर्ची पुढे ओढली. "बसा ना.
नाव काय म्हणालात? नाही, पूर्ण."
हॉल फुटला.
"मला व्यक्तिशः काही नाही हो,
पण बाकीचे मेंबर..."
आणि ते वाक्य हातात धरून तो जिना चढायला लागला.
पहिला मजला: आम्हाला कसलं, पण वरचे.
दुसरा: छे छे, आम्ही तर ईदला शीरखुर्मा खातो, पण वरचे.
लिफ्ट बंद. धापा टाकत गच्चीवर.
टाकीपाशी एक कबूतर.
कबूतर म्हणालं, मला काही नाही,
पण खालचे.

मी इतका हसलो की शेजारच्यानं पाणी दिलं.
डोळे पुसून रुमाल खिशात ठेवताना
बोटांना दोन पेनं लागली.

तर महोदय, आक्षेपार्ह वाक्य पुढीलप्रमाणे.
(शब्दशः द्यावे.)
शब्दशः द्यायला मला आठवावं लागलं नाही.
सहा वर्षांपूर्वीचा वैशाख, तीनशे दोनची चावी माझ्या मुठीत,
समोर एक मुलगा आणि त्याची आई.
तिनं आंब्यांची पिशवी टेबलाच्या पायाशी ठेवली होती.
जाताना सावकाश उचलली.
कोणी काही बोललं नाही. वास मात्र संध्याकाळपर्यंत ऑफिसात होता.
अशी पोरं कितीतरी येतात.
तोच असेल असं नाही.
नसेलच.

सकाळी तळमजल्यावरच्या हेमांगी तांडेलला विचारलं,
तू होतीस ना काल? हसलीस?
डब्यांची झाकणं लावता लावता म्हणाली,
"हसले की. कबुतराला लई हसले.
पण तो नाक धरून मासळीच्या वासाचं बोलला ना,
तेव्हा मागच्या रांगेतले दोघं
माझ्याकडं वळून हसले.
ते त्या सेक्रेटरीला नव्हते हसत.
सुई बरोबर धरली होती त्यानं, साहेब.
फक्त तुमच्यापर्यंत पोचताना
माझ्यातून गेली."
मग अर्जावर सही करतेस?
"मी कशाला? पुन्हा आला तर पुन्हा जाईन.
पुढं बसेन."

हे अर्जात घालावं का?
घातलं तर अर्ज भक्कम होतो.
घातलं तर तो माझा राहत नाही.
तिचं दुखणं उसनं घ्यायचं
आणि खाली सही वि. ग. आठल्ये.

महोदय, विनोदाला आमचा विरोध नाही.
(खोडले.)
महोदय, वाक्य आमचे असले तरी
(खोडले.)
महोदय,

दुपारी पाचशे एकमधून फोन.
"अर्ज गेला का आठल्ये? पाठवा बुवा.
मला व्यक्तिशः काही नाही,
मी तर हसलो,
पण बाकीचे..."

रिसीव्हर कानाला तसाच धरून
मी छताकडे पाहिलं.
पाचव्याच्या वर आमच्या इमारतीत
कोणी राहत नाही.