पंच क्रमांक दोन

तपकिरी लाकडी मूठ, असं पंचनाम्यात आहे.
मी मूठ पाहिलीच नव्हती.
जमादार दुकानात आला तेव्हा मी
लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लावत होतो.
"आण्णा, ठाण्यापतुर चला, एक सही हाय.
लई येळ लागत न्हाई."

लागला नाहीच.
चहा निवायच्या आत पाच पानांवर सह्या,
त्यातली दोन कोरी.

पंचामुखी परमेश्वर म्हणतात.
साक्षीच्या पिंजऱ्यात परमेश्वरानं
विळा हातात घेतला, म्हणाला, होय साहेब, हाच.
समोरून यल्लाप्पा घोटणे बघत होता,
रागानं नव्हे,
परगावी गल्लीतलं माणूस भेटावं तसा.

जन्मठेप.

त्याची बायको हुपरीत पैंजणांना घुंगरं जोडायची,
डझनावर मजुरी.
अपील मुंबईत.
गारगोटीच्या गाडीत मी
कळंबा जेल दिसणार नाही त्या बाजूची जागा धरायचो.
अकरा वर्षं
एवढाच काय तो माझा पश्चात्ताप.

मग सर्किट बेंच इथंच आलं, सीपीआरसमोर,
आणि विधी सेवेची एक वकील, मृदुला नाईकवाडी,
चप्पल दाराबाहेर काढून दुकानात आली.
काउंटरवर नक्कल पसरली.
"पान चार. तुमच्या सहीशेजारी हा डाग कसला?"

झेरॉक्समध्ये हळद काळी येते.

मी बोललो. ती लिहून घेत नव्हती, ऐकत होती.
शेवटी म्हणाली, "हे प्रतिज्ञापत्रावर द्याल?
खोट्या साक्षीचं तुमच्यावरही येऊ शकतं."
छपाईयंत्र चालूच राहिलं होतं,
कुणाच्या तरी बारशाची निमंत्रणं
दुप्पट निघाली.

निकालात लिहिलं: संशयाचा फायदा देऊन.
फायदा.
भरपाईचा अर्ज वेगळा करायचा असतो म्हणे,
त्याला वेगळी तारीख.

सुटल्यावर तिसऱ्या दिवशी तो आला.
वाटलं, आता कानफटात बसणार.
मी चष्मा काढून ठेवला.
तो स्टुलावर बसला, कागदांचा वास घेतल्यासारखा थांबला,
म्हणाला, "एक इचारू?
त्या इळ्याची मूठ खरंच तपकिरी व्हती का वो?
कोर्टात लांबनं दावला, मला काय नीट दिसलं न्हाई."

"मी हातात घेतलावता," म्हटलं,
"पर बघितला न्हाई."