दोन नंबरची पेन्सिल

परीक्षेला दोन नंबरचीच पेन्सिल लागते,
शाळेच्या सूचनेत तसं ठळक छापलेलं.
आमच्या घरात दोन नंबरचं म्हणावं असं
तेवढंच होतं काही.
बाकी सगळं कर कापून, पावतीसकट.

ऑक्टोबरचा बुधवार. कॅन्ससच्या सपाटीवर
उजाडायचं होतं अजून. ट्रकचा हीटर बिघडलेला.
नेरेइदा तळहात मांड्यांखाली दाबून
त्रिकोणांची सूत्रं पुटपुटत होती,
आणि मांसाच्या कारखान्याचा तो वास
काचा बंद असूनही आत आला, रोजच्यासारखा,
घरच्या माणसासारखा.
"आज नको रे," ती त्याला म्हणाली.

मी रात्रपाळीवरून थेट आलो होतो.
बोटं अजून सुरीच्या मुठीच्याच आकारात वळलेली,
त्यांत कसंबसं स्टिअरिंग बसवलं
आणि तिला शाळेच्या दारात सोडलं.

पुढच्या सप्टेंबरात पाकीट आलं.
पैसे नव्हते आत.
बाबांनी ते उलटं करून झटकलंसुद्धा.
नुसतं प्रशस्तिपत्र, सोनेरी काठाचं:
आमच्यासारख्या आडनावांच्या मुलांमध्ये
या भागातल्या मोजक्या वरच्यांत ती एक.

मिसेस फ्रीझननी शाळेत यादी उघडली,
कोणती विद्यापीठं हा कागद पाहून
चार वर्षांची फी माफ करतात त्याची.
सगळी लांबलांबची नावं. आईनं अंतर विचारलं
ते मैलांत नाही:
"तिला भेटून यायला किती पाळ्या बुडतील?"

अर्जावर चौकोन होते. तुम्ही कोण, खूण करा.
बाबा हसले. "मला कुठे कुणी विचारलं?
माझ्याकडे बघूनच हातात सुरी दिली."

ब्रेडन स्टकी जेवणाच्या टेबलावर म्हणाला,
"तुझं बरंय, चौकोनात फुली मारली की झालं."
तिनं ट्रे उचलला. बोलली काही नाही.
मी पाहिलंय तिला लाँड्रोमॅटमध्ये
ड्रायरच्या उबेला पाठ टेकून,
एक नाणं संपेपर्यंत एक उतारा,
दुसरं नाणं, दुसरा उतारा,
चादरी कधीच्या वाळलेल्या.

पण शेजारच्या अब्दिरिझाकचं काय?
त्याला तिच्याहून तीस गुण जास्त.
त्याच्या आईचा अ‍ॅप्रन माझ्या आईच्या
शेजारच्याच खुंटीला.
त्या वर्षी त्या कागदावर त्याच्यासाठी चौकोन नव्हता.
तो अभिनंदन करायला आला, आईनं दिलेले समोसे घेऊन,
आणि उंबऱ्यातच उभा राहिला बराच वेळ.
थंडी आत येत राहिली,
दार लावून घ्या असं कुणी म्हणालं नाही.
मिसेस फ्रीझनना मी विचारलं नंतर.
त्यांनी चष्मा काढून पुसला,
पुसलेला पुन्हा पुसला.

कारखान्यातही गुण असतात, बरं का.
गैरहजर राहिलं की मिळतात,
आणि पुरेसे साठले की घरी पाठवतात.
म्हणून माझ्या अकरावीतल्या त्या बुधवारी
आई कामावर, बाबा कामावर,
आणि सात वर्षांची नेरेइदा
एकशे तीन तापात माझ्या मांडीवर.
मी दर तासाला फडकं बदलत होतो.
शाळेत तेव्हा पेन्सिली वाटत होते.

तिला यातलं काही आठवत नाही.
मी सांगितलं नाही. सांगून तरी काय,
तिच्या कागदाला माझ्या घामाचा डाग कशाला?

ऑगस्टमध्ये तिला सोडून परत येताना
ट्रकच्या राखदाणीत सापडली,
बोटाएवढी उरलेली, मागच्या टोकाला तिचे दात.
आता तासांची नोंद मी तिनंच करतो.
सुपरवायझर म्हणाला, पेननं लिहीत जा, एलिसेओ,
पेन्सिलीचं कुणीही खोडू शकतं.

म्हटलं, माहितेय.