मासळीचा वास

रोज मरत नाही तो, हेच तर वाईट.
पत्रं लिहितो, हिशेब करतो, आईचे फोटो दाखवतो मुकाट.
पण मी टे नदीचं पाणी रंगवायला घेतलं,
पाण्यात पुलाची सावली, सावलीवर संध्याकाळ,
की खट्.
निळा पडदा नाही, काय चुकलं ते सांगणं नाही.
पंखे थांबतात. काळ्या काचेत मी उरते,
आणि माझ्या मागे, खिडकीत, डंडीची खरी नदी
जी कधी बंद पडत नाही.

अकरा दिवस.
ड्रायव्हर काढला, जुना घातला, परत नवा घातला.
रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या,
पंख्यांवरची धूळ मेकअपच्या ब्रशनं झटकली.
विंडोजच्या नोंदवहीत दर वेळी तेच एक वाक्य:
संगणक अनपेक्षितपणे बंद पडला.
एवढं मलाही माहीत होतं.

शुक्रवारी ग्लासगोला चित्रफीत द्यायची होती.
नदीकाठी होणारी घरं, खिडक्यांत दिवे;
त्या खिडक्यांमागे कोण राहणार
हे माझ्या पगाराबाहेरचं.

फोनवर बाबा. भुसावळच्या लोको शेडमध्ये
चौतीस वर्षं वायरमन. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही,
असं आधी सांगतात, आणि मग:
"लोड आला की जातो ना? मग पुरवठा बघ.
इंजिन चढाला लागल्यावरच कळतं
जोड कुठं कच्चाय ते.
वास येतो का?"

वास.
त्यांना सांगितलंच नव्हतं मी,
दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापापासून
मला फोडणीचा येत नाही, गॅसचा येत नाही,
स्वतःच्या उशीचासुद्धा नाही.
"नाही येत," म्हटलं.
खोटं नव्हतं ते.

गुरुवारी रात्री दोनला दार वाजलं.
खालच्या मिसेस गेडिस. गाऊनवर कोट, वय ब्याऐंशी.
"बाई गं, ही काय वेळ झाली मासे तळायची?"
मासे? माझ्या फ्रिजमध्ये अर्धा कोबी आणि दही.
पण त्यांचं ऐकणं संपलं होतं.
नाक पुढे करून त्या सरळ आत,
सोफ्याला वळसा घालून टेबलापाशी, आणि तिथं थांबल्या.
"तागाच्या गिरणीत मोटर जळायच्या आधी
अस्साच यायचा. फोरमनच्या आधी
आम्हा पोरींना कळायचं."

प्लग काढला. थोडं थांबले. बाजूची काच उतरवली.
त्यांनी टॉर्च धरला; हात थरथरत होता, म्हणून उजेडही.
कार्डाला वीज घ्यायच्या दोन जागा,
दोन्हींत एकाच वायरीची दोन तोंडं.
बाकीच्या वायरी अजून पिशवीत, कोऱ्या.
मीच ठेवल्या होत्या, आतून नीटनेटकं दिसावं म्हणून.
आणि एक जोड जेमतेम अर्धा बसलेला,
काच लावताना मान मोडलेला,
त्याच्या एका भोकाची कड
इस्त्री विसरलेल्या बाहीसारखी तपकिरी.

कार्डाच्या पिना वाचल्या होत्या. एक जराशी काळवंडलेली.
पिशवीतून दोन वायरी काढल्या,
दोन जागांना दोन.
क्लिक येईपर्यंत दाबलं.
"एकच ऐकू आला," मिसेस गेडिस म्हणाल्या.
पुन्हा दाबलं.

चहा झाला. त्या खुर्चीतच पेंगल्या, टॉर्च मांडीवर तसाच चालू.
पडद्यावर पाणी ओळीओळीनं उतरत राहिलं,
लाटेत लाट, पुलाचे खांब उलटे,
पंखे जोरात, पण थांबले नाहीत.

भुसावळला सकाळ झाली होती.
"मासळीचा?" बाबा खूश झाले. "हां! अगदी तोच.
प्लॅस्टिक तापलं की पहिल्यांदा तोच सुटतो."
मग जरा थांबून,
"खालच्या मजल्यावर गेला वास.
आणि तुला नाही आला?"

चाळीस टक्के.
एक्केचाळीस.
बाबा लाइनवर होते.